पिवळ्या पोपटाचा डबा

पुणे,
९ जानेवारी २०२५

ती. कोंडाजी आजोबांना ऋताचा नमस्कार.

परवा फोन केला होता, पण तुमच्या कानातलं यंत्र आणि माझा फोन यांचं जमेना. शिट्टीशिवाय काही ऐकू आलं नाही. शेवटी तुमच्या सूनबाईंनी, संजीवनीकाकूंनी, फोन घेतला आणि म्हणाल्या, "त्यांना पत्र लिही बाई, पत्राने शिट्टी वाजत नाही." म्हणून हे लिहिते आहे.

बदलापुरात कुळगावला तुमच्या जुन्या घराच्या माडीवर आम्ही भाड्याने राहायचो तेव्हा मी दुसरीत होते. आता मी प्रदर्शनं मांडायचं काम करते. अंबरनाथला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये ग्राफिक डिझाइनचं संग्रहालय उभं राहतंय. पाट्या, पोस्टरं, काडेपेट्या, तिकिटं, पुडे यांच्यावरची अक्षरं आणि चित्रं कोणी, कशी, का योजली ते तिथे दिसेल. त्यातला एक कोपरा माझ्याकडे आला आहे: किराणा दुकानातली लेबलं. अट एवढीच, की काचेमागे ठेवून 'हात लावू नये' असं लिहायचं नाही. येणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने काहीतरी करायला हवं. काय करायला हवं, ते मला अजून सुचलेलं नाही. आमचे मुख्य शौनक सर एप्रिलमध्ये ठरवतील. जमलं नाही तर तिथे बोटाने सरकवायचा मोठा पडदा लागेल आणि माझा कोपरा जाईल.

तुमचा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या लेबल छापखान्यात गेला. जुनी लेबलं काही उरली आहेत का? आणि गोदूआजीच्या फळीवरचे ते डबे? मला आठवतंय, पोपटछाप चहाचा डबा उघडला होता आणि आत हळद निघाली होती. माझा फ्रॉक पिवळा झाला आणि आजी पोट धरून हसली.

आजीला नमस्कार.
ऋता


बदलापूर,
१६ जानेवारी

चि. ऋता,

पत्र मिळालं. आशीर्वाद शेवटी लिहितो, आधी काळजीचं लिहितो, नाहीतर राहून जाईल.

त्या शेडचे पत्रे तपासलेत का? बंद कारखान्याचे पत्रे वरून बरे दिसतात आणि आतून कुजलेले असतात. लोकांनी हाताने काहीतरी करायचं म्हणतेस, म्हणजे रंगबिंग ठेवणार असशील. रंग कपड्याला लागला की आयाबाया भांडायला येतात. छापखान्यात आम्ही गोणपाट गुंडाळून उभे राहायचो, तरी घरी गेल्यावर बोलणी खायचो. आणि रॉकेलने हात पुसायची सोय ठेवू नकोस, आग लागेल.

लेबलं माझ्याकडे नाहीत. आमचे सिंधी सेठ गेले, मुलांनी छापखाना विकला, आता तिथे मोबाईलची कव्हरं विकतात. मी मधे एकदा त्या गल्लीत गेलो तर मलाच गल्ली सापडेना. आमचं काम जाळीवरचं, आता स्क्रीन प्रिंटिंग म्हणतात ते. एकेक रंग वेगळा ओढायचा. पिवळा वाळला की त्यावर निळा चढवायचा, मग पोपट हिरवा व्हायचा. कधी रंग सरकला की चोच पोपटाच्या बाहेर पडायची. सेठ ओरडायचे, "अडे कोंडा, तेरा तोता चोंच घर भूल के आया." तसली बिघडलेली लेबलं रद्दीत जायची. त्यातली थोडी मी घरी आणायचो, गोदू ती डब्यांना चिकटवायची. तेवढीच काय ती उरली आहेत. जुनं घर पाडून बिल्डिंग झाली तेव्हा भांडी भंगारात गेली, पण डबे तिने नव्या फ्लॅटमध्ये आणले.

हळद चहाच्या डब्यात कशी म्हणशील, तर विसरभोळेपणा. दुसरं काही नाही. तू डब्यांचे फोटो घे, हवं तर लेबलं सोडवून घे. पण गोदूचं नाव यात कुठे आणू नकोस. तिला आवडत नाही.

तुला आशीर्वाद. थंडीत गाडी चालवत असशील तर कान बांध.
कोंडाजी


पुणे,
२९ जानेवारी

ती. आजोबा,

मागच्या रविवारी अचानक आले आणि डब्यांचे फोटो काढून गेले, रागावला नाहीत ना? तुम्ही दूध आणायला गेला होतात तेवढ्यात आजीने मला चहा दिला. चहा कुठल्या डब्यातून काढला सांगू? बाळगुटीचं लेबल असलेल्या. आणि तुम्ही म्हणता विसरभोळेपणा. आजोबा, एकाही डब्यावर आतल्या जिनसाचं लेबल नाही. विसरणारा माणूस एवढं नेमानं विसरत नाही.

माझ्या लक्षात आलं, ही आजीची गंमत आहे. गूळ-खोबरं चोरणाऱ्या आम्हा पोरांना चकवायला तिने मुद्दाम उलटी लेबलं लावली. हो ना? त्यावरून मला कोपरा सुचला. 'फसवे डबे'! फळीवर डबे मांडायचे, लेबल एक आणि आत दुसरंच. लोक लेबल वाचतील, अंदाज करतील, डबा उघडतील आणि फसतील.

सोबत तीन पानं पाठवते आहे. भिंतीवर लावायचा मजकूर आहे, आजीच्या स्वयंपाकघराबद्दल. हा आजीलाच वाचायला द्या. तुम्ही मधे पडू नका. तिला काय आवडलं, काय खटकलं, ते तिने पेन्सिलने त्यावरच लिहावं.

ऋता


बदलापूर,
६ फेब्रुवारी

चि. ऋता,

गोदूने तुझी तिन्ही पानं वाचली. तिला मजकूर आवडला. पेन्सिल सापडली नाही म्हणून तिचं म्हणणं मी लिहून पाठवतो.

तिचं म्हणणं असं, की डब्यांच्या कडा धारेच्या नसाव्यात, बोट कापतं. वायरिंगचं काम चांगल्या माणसाकडून करून घ्यावं. तिखटाचा डबा मुलांच्या हाताला येईल असा ठेवू नये. शेडच्या बाहेर डंपर फार वेगाने जातात, तिथे गतिरोधक हवा. तसंच तिचं म्हणणं, की तिचं नाव काढून 'एका गृहिणीचं स्वयंपाकघर' असं लिहावं.

बाकी ती मजेत आहे. मला मात्र रात्री पोटात गॅस होतो.

कोंडाजी


पुणे,
११ मार्च

ती. आजोबा,

उत्तराला महिना लागला, कारण कळवण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

शेडमध्ये फळी ठोकून आम्ही 'फसवे डबे' लावून पाहिले. उल्हासनगरच्या एका शाळेची मुलं बोलावली होती. मुलांनी लेबल वाचलं, डबा उघडला, "अरे हळद!" म्हणाली, हसली आणि पुढे गेली. दुसऱ्या डब्यापर्यंत सगळ्यांना कळलं होतं की आत भलतंच असणार. तिसऱ्याला कोणी थांबलं नाही. शौनक सर म्हणाले, "ऋता, हे कोडं आहे. सुटलं की संपलं." त्यांचं बरोबर आहे. पडद्याचं माप घ्यायला माणूस येऊन गेला.

आजोबा, एक विचारते, राग मानू नका. वायरिंग, गतिरोधक आणि डब्याच्या कडा ही काळजी आजीची नाही. मी आजीला ओळखते आणि तुम्हालाही. तिला पानं दाखवलीच नाहीत का? मी काही चुकीचं लिहिलं का? त्या डब्यांत गमतीपेक्षा वेगळं काहीतरी आहे असं मला वाटायला लागलंय. पण काय ते मला दिसत नाही, आणि माहीत असल्याशिवाय माझा कोपरा उभा राहणार नाही. मला खरं ते लिहा.

ऋता


बदलापूर,
१७ मार्च

चि. ऋता,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

गोदूला वाचता येत नाही. तुझी पानं मी तिला वाचून दाखवली, पण सगळी नाही. जिथे जिथे 'आजी लेबल वाचून हसत असेल' असं होतं ते गाळलं.

घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचं काही नाही. जुन्या कुळगावात अर्ध्या बायका तशाच होत्या, कोणी कोणाला विचारत नव्हतं. दुकानात जाऊन म्हणायच्या, घोड्याची उदबत्ती दे, दोन बायकांचा साबण दे. दुकानदार देत होता. आम्ही छापखान्यातही चित्र आधी करायचो, नाव मागून. माझं तरी काय, चौथी. पण चौथीवाल्याला चालून जातं.

आता बिल्डिंगमध्ये सगळे नवे लोक आहेत. शिकलेले. समोरच्या दाराच्या माई, त्यांचे यजमान कारखान्यात ऑफिसर होते. बाई चांगल्या आहेत, येताजाता बोलतात. सोसायटीचा कागद आला की त्या गोदूच्या हातात देतात. गोदू म्हणते, चष्मा आत राहिला. दर वेळी चष्मा आत राहतो. दिवाळीच्या आधी माईंनी स्वतःचा चष्मा काढून तिला दिला. गोदूने तो लावला, कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, "छान लिहिलंय." कागद पाणी बंद राहणार असल्याचा होता.

माईंनी आपला चष्मा परत घेतला, एवढंच. पण तेव्हापासून जिन्यात कोणी हसलं की मला वाटतं तिलाच हसलं.

आता तू भिंतीवर लिहिणार, फोटो लावणार, अंबरनाथ किती लांब आहे, एक स्टेशन. बिल्डिंगमधले सगळे बघायला जातील. ती कोणाच्या अध्यातमध्यात नसते. एवढी वर्षं तिने सांभाळलं, तिचं उतारवयात हसं होऊ नये एवढंच मला पाहिजे. तुझा कोपरा जाईल याचं वाईट वाटतं. पण तो डब्यांचा नाद सोड. पडदा लावू दे त्यांना. पडद्याने कोणाचं काही बिघडत नाही.

कोंडाजी


बदलापूर,
२५ मार्च

ऋता,

मी संजीवनी. आई सांगताहेत आणि मी लिहिते आहे. 'जसं बोलते तसंच लिव, सुधारू नको' असा दम दिला आहे, म्हणून तसंच लिहिते.

पोरी, आमचा म्हातारा आठ दिस नीट जेवला नाय. ताटात बोट फिरवतो आणि उठतो. मी म्हटलं पोटाचं असंल. मग समजलं, तुझं पत्र आलं की याचं पोट बिघडतं. तुझी तीन पानं त्याने मला एका पानाएवढ्या वेळात वाचली. मला अक्षर येत नाय, पान किती लांब असतं ते कळतं. मी संजीवनीला धरून बसवली, तिने सगळं वाचलं. त्याने तुला फाडायला सांगितलेल्या पत्राचा कच्चा कागद पण त्याच्या सदऱ्यात सापडला, तो पण वाचला.

(मी वाचायला नको म्हणत होते. संजीवनी.)

आता ऐक. मी कोणाला फसवायला लेबलं लावली नाय. आणि विसरले पण नाय. लग्न होऊन आले तेव्हा सासूचे सगळे डबे एकसारखे, पितळी. कुठल्यात काय, रोज सगळे उघडायचे. मग हे चुकलेली लेबलं आणायला लागले. एक दिवस पोपट आला, त्याच्यावर निळा रंग चढवायचा राहिला होता. पिवळा पोपट. पिवळा म्हणजे हळद, अजून काय? तो चहाचा आहे हे मला दहा वर्षांनी समजलं.

घोडा चौखूर उधळलेला, तो तिखटाला. दोन बायकांचा साबण होता ना, त्या कात्रीने वेगळ्या केल्या. हसरी ती साखर. दुसरीचं तोंड छापताना सरकून वाकडं झालं होतं, ते मीठ. बाळगुटीवर बाळ रडतंय, आणि आमच्याकडे सकाळी चहा मिळाला नाय की हे तसंच तोंड करतात.

(बाबा बाहेरच्या खोलीत आहेत. त्यांना ऐकू जात नाही. संजीवनी.)

तेव्हा ती चुकीची लेबलं नाय. ती माझी आहेत. तू त्यांच्यावरचं वाचलंस म्हणून तुला उलटी वाटली. वाचायचं नव्हतं, बघायचं होतं.

आणि हसं होईल म्हणून हे घाबरतात. मी नाय घाबरत असं कसं सांगू, मी पण घाबरते. माईंचा चष्मा लावला तेव्हा कागद उलटा तर नाय ना, हेच बघत होते. पण आता कंटाळा आलाय पोरी. चष्मा आत राहिला, चष्मा आत राहिला. एवढे दिवस चष्मा आत ठेवून मलाच बाहेर यायला होत नाय.

तू तुझं दुकान लाव. मी बघायला येणार. यांना मी सांगेन.

गोदू

(सही आईंनी स्वतः केली आहे. सही येते त्यांना. बाबांनीच शिकवली होती. संजीवनी.)


पुणे,
२ एप्रिल

ती. आजोबा आणि गोदूआजी,

हे पत्र दोघांना आहे. आजोबा, मोठ्याने वाचा आणि काही गाळू नका. संजीवनीकाकू पडताळून पाहणार आहेत.

'फसवे डबे' मी काढून टाकले. भिंतीवरचा मजकूरही काढला, तिन्ही पानं. आता असं आहे. एक दुकान, समोर फळी, फळीवर कोरे डबे, सगळे एकसारखे. शेजारच्या परातीत चित्रं, एकाही चित्रावर अक्षर नाही. घोडा, चंद्र, छत्री, दार, कुलूप, झाडू, पाळणा, असली शंभर. प्रत्येकाच्या मागे लोहचुंबक. येणाऱ्याने एक डबा उघडायचा, वास घ्यायचा, आत काय आहे ते बघून त्याला वाटेल ते चित्र झाकणावर लावायचं. मग त्याने बाजूला व्हायचं. पुढचा माणूस येऊन म्हणणार, मला जिरं हवंय. त्याने नुसती चित्रं बघून जिऱ्याचा डबा शोधायचा. चुकला तर चित्र लावणाऱ्याला विचारायचं, हे का लावलंस?

मला वाटतं त्या शेवटच्या प्रश्नासाठीच सगळं आहे. पण वाटून उपयोग नाही, माणसं समोर पाहिजेत. शनिवारी, १२ तारखेला, चाचणी आहे. शौनक सर त्याच दिवशी ठरवणार. फळीमागे दुकानदार म्हणून कोणीतरी बसायला हवं. आजी, तू बसशील?

आजोबा, तुमच्यासाठी लिहिते. वाचता न येणाऱ्या बाईला बघायला कोणी येणार नाही. तिथे कोणालाच वाचता येणार नाही, मलासुद्धा. तरी आजीचं नाव लावायचं की नाही, आणि लावलं तर पुढे काय लिहायचं, हे आजी ठरवेल. ती नाही म्हणाली तर नाही.

ऋता


बदलापूर,
१४ एप्रिल

चि. ऋता,

तू शनिवारी गडबडीत होतीस, दुसऱ्या टोकाला पाहुण्यांबरोबर उभी होतीस, म्हणून सगळं तुला दिसलं नसेल. मी पूर्ण वेळ खुर्चीत होतो. सवडीने वाच.

आधी आदल्या आठवड्याचं सांगतो. तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं, काही गाळलं नाही. पण माझा विश्वास बसेना. अक्षर नाही म्हणते, पण एखादं कुठेतरी असेलच, आणि नेमकं तेच कोणी हिला विचारेल. म्हणून मी रोज दुपारी तिला पाटीवर 'ह' आणि 'च' घोटवले. हळद आणि चहा एवढं तरी यावं. ती दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुम्हाला गिरवायचं असेल तर गिरवा, मला भात लावायचाय." मग मी एकटाच बसलो.

शुक्रवारी आणखी वाईट झालं. आम्ही बाजारातून येत होतो, जिन्यात माई भेटल्या. त्यांच्या हातात सोसायटीचा कागद होता. मी मनात म्हटलं, आता चष्मा. तर गोदूने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "माई, मला वाचता येत नाय. कधीच येत नव्हतं. उद्या अंबरनाथला ऋताने एक दुकान लावलंय, तिथे वाचायला लागत नाय. येता?"

मी कठडा धरला. वाटलं आता माई म्हणतील, अगंबाई. किंवा काही म्हणणार नाहीत, ते त्याहून वाईट. माईंनी कागदाची घडी केली आणि विचारलं, "किती वाजता निघायचं?"

एवढंच. मी रात्रभर विचार करत होतो, की एवढंच कसं.

शनिवारी रिक्षात मी मधे बसलो, एकीकडे गोदू, एकीकडे माई. डंपर खरंच फार वेगाने जातात, मी लिहिलं होतं. शेडचे पत्रे मात्र चांगले आहेत.

गोदू फळीमागे बसली तेव्हा तिने पदर दोनदा नीट केला. मग कॅम्प एकची एक सिंधी बाई आली. तिने साखरेच्या डब्यावर चंद्र लावला. पुढच्याने साखर मागितली, त्याला सापडेना, तो गोदूला म्हणाला, आजी तुम्ही द्या. गोदूने चंद्राकडे बघितलं आणि म्हणाली, "हा तर तांदूळ. पांढरा, गोल ताटात वाढलेला." उघडलं तर साखर. मी डोळे मिटून घेतले. चुकली, आता हसतील.

हसले. पण ती सिंधी बाईच आधी हसली. म्हणाली, "माँजी, चंड के दिन, नया चाँद दिखता है तब, हम दूध में चीनी डालते हैं, और चावल भी. आधा तो आप सही बोलीं." गोदू म्हणाली, "चावल भी डालता है ना? फिर पूरा सही." दोघींचं त्यावरून जुंपलं, आणि मागची रांग पुढे सरकेना. कोणाला पुढे जायचंच नव्हतं, सगळे मधे बोलत होते.

मग तुमचे शौनक सर. गंभीर माणूस आहे, मला वाटलं नापास करणार. त्यांनी हिंगाच्या डब्यावर दार लावलं. गोदूने ते मिठाचं म्हणून उचललं. ते म्हणाले, "आजी, दार म्हणजे हिंग. उघडला की सगळे दार लावा म्हणतात." गोदू म्हणाली, "दार म्हणजे मीठ. संपलं की शेजारच्याच दारात जायला लागतं. तुमच्याकडे कधी संपत नाय वाटतं." मग त्यांनी चित्र काढून मिठाच्या डब्यावर लावलं, आणि लगेच परत काढून हिंगावर लावलं. तू आलीस तेव्हा ते तुला म्हणाले, "हे संपत नाही गं." ते तू ऐकलंस. पडदा दुसरीकडे लावा म्हणाले तेही ऐकलंस. तुझा चेहरा मी लांबून बघितला, मला बरं वाटलं.

तू हे ऐकलं नाहीस, म्हणून मुद्दाम लिहितो. जेवायच्या वेळेला गर्दी कमी झाली. माई फळीपाशी उभ्या होत्या, परातीतली चित्रं उगीच खालीवर करत. मी जवळच होतो. माझ्या यंत्राला हवं ते ऐकू येत नाही आणि नको ते येतं. माई हळू आवाजात म्हणाल्या, "गोदूताई, नातवाच्या शाळेत पालकांची मीटिंग असते. सून कामावर, म्हणून मी जाते. सगळं इंग्रजीत बोलतात. मी मान डोलावते. मागच्या वेळी त्याच्या बाई माझ्याशी बराच वेळ बोलल्या, मी शेवटी थँक्यू व्हेरी मच म्हटलं. घरी आल्यावर कळलं, त्यांनी त्याची तक्रार केली होती."

गोदू हसली नाही. मी तिच्याकडे बघत होतो, नक्की हसली नाही. ती म्हणाली, "मग उभ्या का? या, बसा इकडे." आणि बाकड्यावर सरकली.

नावाचं विचारलं होतंस. गोदू म्हणते, 'गोदूबाई, कुळगाव' असं लाव आणि पुढे वाचता येत नाही हेही लिही. लिहायचं तर मोठं लिही म्हणते, बारीक लिहिलं की लोकांना वाटतं लपवलंय. माझं अजून मन होत नाही. पण ठरवायचं तिने आहे असं तूच लिहिलं होतंस, आणि ते मी मोठ्याने वाचलं होतं, त्यामुळे आता मला काही बोलता येत नाही.

एक काम लगेच कर. निघताना मी हात लावून पाहिलं, दुकानातल्या बाकड्याचा उजवा पाय हलतो आहे. ते एका माणसापुरतं केलेलं आहे. पुढच्या शनिवारीपण दोघी जाणार म्हणतात. त्याआधी सुतार पाठव.

कोंडाजीचे आशीर्वाद